घडानं लागतं ते द्राक्षच

अख्ख्या रेवदंड्यात जीभ एकाच माणसाला होती, आणि तो माणूस म्हणजे आमच्या समोरचे हवालदारकाका. बाकी आम्ही सगळे नुसते गिळत होतो, असं खुद्द त्यांचंच मत. जर्मन लढाईत पलटणीबरोबर बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले हे बेने इस्राईल, म्हणजे कोकणातले ज्यू, गृहस्थ पेन्शनीत आले आणि चव घेणं हाच त्यांनी उद्योग मांडला. शहाळ्याचं पाणी आधी हुंगायचे, मग प्यायचे. एकदा आमच्याकडच्या चहाचा घोट घेऊन डोळे मिटून म्हणाले, "वैनी, हे भांडं काल साराचं होतं." आमची सौभाग्यवती त्यांच्यावर बरेच दिवस रुसली होती, कारण ते खरं होतं.

अशा माणसाला खाडीपलीकडच्या कोर्लईत एक म्हातारा किरिस्ताव भेटला. तो काळ्या मनुका आणि जांभळं एकत्र आंबवून घरामागच्या पडवीत लाल वाइन करायचा. काकांनी ती चाखली आणि संपलंच! खाडीच्या तरीतून उतरले ते थेट माझ्याकडे. "मास्तर, पोरीचं लगीन ह्याच वाइनीवर लावणार!"

त्यांच्यातल्या लग्नात नवरानवरी आशीर्वाद म्हटलेल्या एकाच प्याल्यातून पितात. इकडे वाइन कुठली मिळायला? म्हणून घरोघर मनुका भिजवून, कुस्करून गाळलेलं सरबतच चालायचं. काकांना ते आजाऱ्याचं पथ्य वाटे. बायको कधीच देवाघरी गेलेली, घरात ते आणि ही एकुलती एक मुलगी. तिची पाठवणी सरबतावर? छे!

मग काय विचारता! बरण्या आल्या, कोर्लईची कृती आली, आणि रस्त्यानं जाणारा येणारा चव घ्यायला ओटीवर धरून आणला जाऊ लागला. आज जांभूळ वाढव, उद्या मनुका. "गिळू नका, जिभेवर फिरवा!" मी फिरवली. जीभ जांभळी झाली, कानशिलं तापली. "काढा आहे हो हा," मी म्हणालो.

"अळूच्या फतफत्यावर वाढलेली जीभ तुमची! तिला काय कळणार?"

मुलगी तर नाक दाबून आत पळायची. "बाबा, त्यापेक्षा मला एरंडेल द्या."

लग्नाच्या दिवशी प्रार्थना सांगणाऱ्या हज्जानांनी मांडवात प्याला हुंगला. "हवालदार, ह्यात जांभूळ हाय?"

"हाय. लपवायचं काय त्यात?"

"मग न्हाय चालायचं. आशीर्वाद द्राक्षवेलीच्या फळावर म्हणायचा असतो."

"घडानं लागतं ते द्राक्षच! मग वेलीवर लागो न्हायतर झाडावर!"

मांडवात हशा पिकला. हज्जान काही हसले नाहीत. शेजारून मुकाट्यानं मनुकांचं सरबत आलं आणि लग्न लागलं. काका तो परत आलेला प्याला हातात धरून खांबाला टेकून उभे होते. मला फार वाईट वाटलं. वर्षभर त्या बरण्यांशी बोलत बसलेला माणूस तो.

संध्याकाळी मुंबईच्या मचव्यात चढायच्या आधी मुलगी त्यांचा निरोप घ्यायला आली. तिनं तो प्याला त्यांच्या हातून घेतला आणि एका दमात रिकामा केला. ठसका लागला, डोळे भरून आले.

"बाबा, काय झकास झालीय हो!"

मचवा खाडीबाहेर गेला. काका धक्क्यावर माझ्या शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "मास्तर, पोरगी खोटं बोलली."

"हो," मी म्हणालो.

"आता माझ्यासाठी खोटं बोलणारं घरात कोण हाय?"