प्रेसला नमस्कार

पन्नास सालानंतरची दोन-चार वर्षं. ठाण्यात खोपटच्या बाजूला, पत्र्याच्या एका शेडमध्ये बिजागऱ्यांचा कारखाना होता आणि तिथे मी सुपरवायझर होतो. वय तेवीस, डिप्लोमा कोरा करकरीत, खिशाला दोन पेनं. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, ते मला बघूनच म्हणत असावेत.

कारखाना म्हणजे एक मोटर, तिच्यावर फिरणारा लांब दांडा आणि त्या दांड्यावरून पट्ट्याने चालणाऱ्या चार प्रेस. प्रेसच्या तोंडात पत्र्याची पट्टी सारायची, पायाने पायटा दाबायचा, वरून ठोकळा आदळतो, बिजागरीचं पान कापून पडतं. कारखाना कायद्याची नवी पुस्तिका मी वाचली होती. शेठच्या मागे लागून चारही प्रेसच्या तोंडाला मी तारेची जाळी बसवली, पट्टी जाईल एवढीच फट ठेवली. कोणाचं बोट जायला नको म्हणून खरंच तळमळीने केलं होतं ते. त्याबद्दल अजूनही मी स्वतःला खोटं ठरवत नाही.

पहिल्या प्रेसवर माजिवड्याचा एक आगरी माणूस होता. चाळिशीचा, आधी मिठागरावर राबलेला, तळव्यांच्या भेगा मिठाने कायमच्या पांढऱ्या पडलेल्या. मोटर सुरू होण्याआधी तो रोज प्रेसच्या खालच्या पाटाला, म्हणजे नेमका ठोकळा जिथे आदळतो तिथेच, उजव्या हाताची बोटं लावून कपाळाला लावायचा. बाकीचेही लावायचे. सगळ्यांचा नमस्कार झाला की मी मोटरचा खटका ओढायचा, असा माझ्या आधीपासूनचा शिरस्ता होता.

जाळी बसल्यावर पाटाला समोरून हात पोचेना. बाकीच्यांनी जाळीलाच हात लावून भागवलं. हा मात्र बाजूने वाकून, कोपऱ्यातल्या फटीतून बोटं घालू लागला.

"हे लोखंड आहे, देव नाही," मी म्हटलं.

"दिसभर आपून तिला पायान दाबतो, साहेब," तो म्हणाला. "सकालचे एकदा पाया परलो तं काय बिघारतं?"

मी हसलो. त्याने जरा विचार केला आणि प्रेसच्या उभ्या खांबाकडे बोट दाखवलं. "मंग हितं कुकवाचा टिला लावू द्या. रोज हितंच हात लावीन. आत घालनार नाय."

एवढंच त्याचं मागणं होतं. खांबाला मी नुकताच राखाडी रंग दिला होता. "कारखाना आहे, देऊळ नव्हे," असं मी चारचौघांत म्हणालो आणि माझ्याच विनोदावर खूश झालो. दुसऱ्या दिवशीही त्याची बोटं फटीतून आत गेलेली मी पाहिली, पण मोटर बंद आहे, आपलं काय जातंय, म्हणून सोडून दिलं.

नंतर एका मोठ्या मागणीची घाई आली. नमस्कार-चमत्कारात रोज पाच मिनिटं जातात, हे माझ्या डोक्यात बसलंच होतं. एका सकाळी माणसं आत शिरत असतानाच मी खटका ओढून ठेवला. कोणाला सांगितलं नाही. आल्या आल्या कामाला लागतील, असा माझा हिशेब.

पट्टे फिरत होते, चाकं गरगरत होती, आवाज तर शेडभर होता. पण सवयीला कान नसतात. तो आला, टोपी खुंटीला अडकवली, बाजूने वाकला, बोटं आत घातली. वाकताना तोल सावरायला त्याने पाय पुढे टाकला आणि तोच पाय पायट्यावर पडला.

तर्जनी आणि मधलं बोट गेलं.

टांग्यातून त्याला दवाखान्यात नेताना त्याचा हात मी माझ्या धोतराच्या सोग्यात धरला होता. तो रडत नव्हता. पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "पाया पराच्या आधी पाय लागला. माझाच चुकला, साहेब." मी "उगी, उगी" म्हणत राहिलो. खटका मी ओढला होता, हे चार शब्द तोंडातून निघाले नाहीत. रोज खटका कधी पडतो हे त्याला ठाऊक होतं. पण त्या दिवशी त्याने माझ्यावर संशय घेतला नाही, स्वतःच्या पायावर घेतला. अपघाताच्या कागदावर मी लिहिलं: कामगाराने जाळीच्या बाजूने हात घातला. यात एक अक्षरही खोटं नव्हतं, आणि त्याचीच मला आजही जास्त लाज वाटते.

दुसऱ्याच दिवसापासून मी नियम केला. सगळ्यांचे हात बाहेर दिसल्याशिवाय आणि प्रत्येकाने तोंडाने "हो" म्हटल्याशिवाय खटका ओढायचा नाही. कोपऱ्यातली फटही पत्र्याने बंद केली. पुढे तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी त्याबद्दल माझी पाठ थोपटली. शेठने चहा मागवला. तो मी प्यायलो.

जखम भरल्यावर तो बिजागऱ्या बांधायच्या कामाला परत आला. खंडेनवमीला आम्ही यंत्रं धुऊन-पुसून झेंडूच्या माळा घातल्या. पानावर कुंकू घेऊन तो माझ्यापुढे उभा राहिला. "आता तरी लावू का, साहेब?"

मी मान हलवली. कुंकू लावायचं बोट, करंगळीशेजारचं, त्याचं शाबूत होतं. त्या बोटाने त्याने खांबावर, त्याने दाखवलेल्याच जागी, टिळा रेखला आणि डोळे मिटून म्हणाला, "पाय लागला माझा. माफी कर."

मग मागे सरून मला म्हणाला, "तुमी पन हात लावा."

मी हात लावला. माफी मागायची ती ज्याच्याकडे, तो माझ्या उजव्या अंगाला उभा होता. मी खांबाकडेच बघत राहिलो.