द्वारकाची खुर्ची आणायची राहिलीय

दवाखान्यात भेटायची वेळ चार ते सहा. त्या दिवशी मी साडेतीनपासूनच जिन्यात बसून होतो. आत सोडल्यावर द्वारकाला पेज भरवली. चार चमचे गेली, मग तिनं तोंड फिरवलं. बोलायला दम पुरत नव्हता तिला, तरी म्हणाली, "आवं, माझी निळी खुर्ची कॉलेजात राहिलीया. तेवढी घेऊन या." मी म्हटलं, बघू. तर म्हणाली, "बघू न्हाई. मंगळवारी जावा. मॅडम मंगळवारी असत्यात." मला रागच आला. बेचाळीस वर्षांचा संसार, नाकात नळी, आणि ही बाई प्लास्टिकच्या खुर्चीचं बोलतेय. मी बोललोच, "मरायला टेकलीस अन् खुर्ची कसली मागतीस?" ती नुसती हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला वॉर्डातून फोन आला. म्हणजे माझं तिच्याशी शेवटचं बोलणं हे असं. लपवत नाही. आयुष्यभर तोंडानं घाण केली, आता लिहिताना कशाला साखर लावू?

ह्याला दोन महिने होत आले. मी सातवी शिकलेला माणूस, भोसरीच्या एका वर्कशॉपात पायानं पेडल दाबून पत्रा कापायची पॉवर प्रेस चालवून म्हातारा झालो. काना-मात्रा चुकला तर पेपरवाल्यांनी बघून घ्यावं. पण लिहावं वाटलं, कारण तेराव्याला आमच्या दिघीच्या गल्लीत मांडव टाकला तेव्हा पंचवीस-तीस पोरंपोरी आली. कुणाच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, कुणाच्या पाठीला दप्तर. एकाचंही नाव मला ठाऊक नव्हतं. जेवणं उरकली आणि कुणी न सांगता ती सगळी उठली, भाड्याच्या खुर्च्या एकावर एक चढवून मांडववाल्याच्या टेम्पोत नेऊन ठेवू लागली. मांडववाला म्हणाला, "काका, ही पोरं कुणाची? असली शिस्त आपल्याकडच्यांना न्हाई राव." ती द्वारकाची पोरं होती. आम्हाला पोटचं मूल झालं नाही. पण खुर्ची उचलायची सवय ह्या सगळ्यांना तिनंच लावली होती.

द्वारका चाकण रस्त्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कंत्राटावर झाडलोट करायची. चौदा वर्षं केली. वर्ग, जिने, पोरींचे संडास. तिथं तळमजल्यावर एक खोली होती, दारावर पाटी, समुपदेशन कक्ष. मंगळवारी आणि शुक्रवारी एक मॅडम येऊन बसायच्या. मन थाऱ्यावर नसलेल्या पोरांनी त्यांच्याशी बोलावं अशी सोय. सोय चांगली, पण खोलीची जागा अशी की समोरच फी भरायची खिडकी आणि तिथं कायम रांग. त्या दारातून आत जायचं म्हणजे चाळीस जणांसमोर जायचं. दुपारपर्यंत सगळ्या कॉलेजात, मग व्हॉट्सॲपवर. त्यामुळं कुणी जायचंच नाही. द्वारका एकदा फरशी पुसता पुसता त्यांना म्हणाली होती, "मॅडम, तुमचं बरं हाय. नुसतं पंख्याखाली बसायचा पगार." मॅडम म्हणाल्या, "मावशी, दारापर्यंत येतात हो. रांग बघतात आणि माघारी फिरतात."

ते तिच्या डोक्यात बसलं. घरी आल्यावर मला म्हणाली, "रडणारी पोरगी संडासात रडती. अन् संडास मी धुती. मला म्हाईत हाय कोण कोण हाय ते." मी म्हटलं, तुला काय करायचंय, झाडून घरी यावं. ऐकेल ती द्वारका कसली! तिनं एक निळी प्लास्टिकची खुर्ची धरली. आधी पोरीला संडासात, पोराला जिन्याखाली गाठून हळूच विचारायची, बोलायचंय का मॅडमशी? हो म्हटलं की सांगायची, मंगळवारी अकराला फीच्या खिडकीपाशी उभं राहा. आणि त्या वेळेला स्वतः खुर्ची घेऊन यायची नि सगळ्यांदेखत ओरडायची, "ए चष्मेवाल्या, रिकामा दिसतोस! ही खुर्ची मॅडमच्या खोलीत ठेव. माझी कंबर गेलीया." रांग हसायची. "गेला रे, मावशीनं धरला!" ते पोर खुर्ची घेऊन आत जायचं, दार लागायचं. अर्ध्या-पाऊण तासानं रांग बदललेली असायची, मग बाहेर पडायचं. थोड्या वेळानं द्वारका तीच खुर्ची पुसायच्या निमित्तानं बाहेर आणायची, पुढच्यासाठी. एकच खुर्ची दिवसातून चारदा आत जायची. एवढ्या खुर्च्या त्या खोलीत मावतात कुठं, असा प्रश्न एकाही इंजिनिअराला पडला नाही. हे ती रात्री भाकरी थापताना सांगायची आणि एकटीच हसायची. मी हसायचो नाही. मी म्हणायचो, "पोटाला मिळतंय म्हणून ही थेरं. आमच्या वेळंला कुणाला मन होतं का?" ती माझ्याकडं बघायची आणि भाकरी उलटायची. त्या बघण्याचा अर्थ मला ठाऊक होता, म्हणून मी जास्तच मोठ्यानं बोलायचो.

आमची वरची खोली आम्ही त्याच कॉलेजातल्या एका पोरीला दिली होती. मराठवाड्यातली, बापाची पिठाची गिरणी. पोरीचं आणि गावाचं नाव लिहीत नाही. एकदा तोंड उघडून पस्तावलोय. पहिलं वर्ष चांगलं गेलं. दुसऱ्या वर्षाला विषय राहिले, आणि पोर जिना उतरायची कमी झाली. खानावळीचा डबा दारात यायचा नि तसाच भरलेला माघारी जायचा. माझ्या नजरेत आलं नाही, द्वारकाच्या आलं. ती वर जाऊन बसली. खाली आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. पोरगी तिला म्हणाली होती, "मावशी, मला सकाळ व्हायलाच नको वाटती." त्या मंगळवारी वरच्या पोरीनं खुर्ची उचलली. चार-पाच मंगळवार गेले. डबा अर्धा संपू लागला. एकदा तर जिन्यात उभी राहून गाणं म्हणताना मी ऐकली.

आणि मग मी माती केली. तिच्या बापाचा फोन आला, पोरगी फोन उचलत नाही म्हणून. साधा माणूस, काळजीत होता. मला वाटलं, बापापासून लपवायचं म्हणजे पाप. मी सरळ सांगून टाकलं, "तुमच्या पोरीचं डोकं ठिकाणावर न्हाई. कॉलेजात बाई हाय, तिच्याकडं जाती ती दर मंगळवारी." दुसऱ्या दिवशी दुपारी बाप दारात. पोरीची बॅग भरली, गाद्या बांधल्या. द्वारका पुढं झाली तर म्हणाला, "मावशी, आमच्या घराण्यात असलं काही न्हाई. लेकराला येडी ठरवायलात का तुम्ही?" पोरगी जिना उतरली. माझ्याकडं तिनं पाहिलंच नाही. द्वारकाकडं पाहिलं, आणि रिक्षात बसली.

बारा दिवस द्वारका माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पाण्याचा तांब्या ठेवायची, आत जायची. मी ओरडून बघितलं, गप्प बसून बघितलं. बाराव्या दिवशी म्हणाली, "पोरीचा फोन लागंना. उद्या सकाळची गाडी हाय. कपडे भरा." मी म्हटलं, मी कशाला? म्हणाली, "सांगितलं तुमी. आता निस्तरा बी तुमीच."

एसटीनं दिवस गेला. गिरणीत पोचलो तेव्हा पट्टा चालू होता, बाप भुवयांपर्यंत पांढरा. आम्हाला बघून त्यानं गिरणी बंद केली. पाणी दिलं, पण बसा म्हणाला नाही. पोरीचं स्थळ बघतोय म्हणाला. "शिक्षण बंद. लग्न झालं की होतंय समदं नीट." आतल्या दाराशी पोरगी उभी होती. पंधरा दिवसांत निम्मी झाली होती. मला वाटलं द्वारका बोलेल. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. तेच बघणं, भाकरी उलटतानाचं.

मग मी बोललो. जे तीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते. म्हटलं, "पाव्हणं, आमच्यातबी असलं काही नव्हतं. माझ्या शेजारच्या प्रेसवर इस्माईल होता. माझ्या डोळ्यांदेखत त्याची चार बोटं डायखाली गेली. त्यानंतर माझा पाय पेडलवर पडंना. रोज सकाळी डबा घेऊन शिफ्टला निघायचो आणि कंपनीत जायचोच न्हाई. तवा दापोडीला राहायचो आमी. स्टेशनवर टोकाच्या बाकड्यावर बसायचो. गाड्या यायच्या, जायच्या. डबा तिथंच खायचो, शिफ्ट सुटायच्या वेळी घरी. गाडीकडं बघता बघता काय काय मनात यायचं, ते तुमच्या पोरीसमोर सांगत न्हाई." बाप म्हणाला, "मग?" म्हटलं, "मग काय? ही माझे कपडे धुवायची. एक दिवस हिच्या ध्यानात आलं, शर्टाला ऑइलचा डाग न्हाई. आठ दिवस डाग न्हाई. नवव्या दिवशी बाकड्यावर माझ्या शेजारी येऊन बसली. काही विचारलं न्हाई. सोबत भाकरी आणली होती तिची. कंपनीत आणि गल्लीत सांगितलं, ह्यांना कावीळ झालीय. कावीळ म्हटल्यावर कुणी हसत न्हाई. महिनाभर रोज माझ्याबरोबर बसली, मग पेडलपर्यंत नेऊन सोडलं. मला कावीळ कधीच झाली नव्हती, पाव्हणं. तुमच्या पोरीला जे झालंय तेच झालं होतं."

गिरणीत नुसता पिठाचा वास. बाप किती तरी वेळ हात झटकत राहिला, पीठ निघून गेलं तरी. शेवटी द्वारकाला म्हणाला, "गावात काय सांगू?" ती लगेच म्हणाली, "सांगा, परीक्षेचा फॉर्म राहिलाय." त्यानं गिरणी चालू केली, पाच किलो ज्वारी दळली आणि पिशवी माझ्या हातात दिली. आठवड्यानं पोरगी आली. त्याच गाडीनं बापही आला. खोली झाडली, गादी टाकली, आणि जाताना मला म्हणाला, "मंगळवारचं चुकू देऊ नका." आज ती पोरगी हिंजवडीला नोकरी करते. दोन वर्षं झाली, आता राहतेही तिकडंच. त्या दिवशी गिरणीतून परतताना गाडीत द्वारका माझ्याशी पुन्हा नीट बोलायला लागली ती असं म्हणून, "बरं बोलता की तुमी. फकस्त तीस वर्षं उशीर केला."

आता मी दमलोय. दमायला काही करत नाही, तरी दमलोय. सकाळी उठतो, दोन कप चहा टाकतो आणि एक ओततो. भांडायला कुणी नाही. तेराव्यानंतर मी सकाळचा दिघीच्या बसस्टॉपवर जाऊन बसायला लागलो. बस यायची, कंडक्टर विचारायचा, बाबा, यायचंय का? मी मान हलवायचो. तीन आठवडे असे गेले आणि एक दिवस लक्षात आलं की हे बाकडं माझ्या ओळखीचं आहे. फक्त ह्या वेळी शर्टाकडं बघणारी नाही. तेव्हा खुर्ची आठवली. म्हटलं, मागितली होती, तेवढी तरी आणावी. मंगळवार बघून गेलो.

फीच्या खिडकीपुढं रांग होती. निळी खुर्ची भिंतीला लावलेली. एका पायाला तार गुंडाळलेली. पाय तडकला तेव्हा द्वारकानं ती घरी आणली होती, तार मीच बांधून दिली होती. पण ती उचलून सरळ घरी कसं जाणार, मॅडमला सांगायला पाहिजे. आणि ते दार... चाळीस पोरं बघत होती. पाय हलेना माझा, पेडलवर हलायचा नाही तसा. मग काय सुचलं कोण जाणे, खुर्ची उचलली आणि ती घेऊनच आत गेलो. कुणी हसलं नाही, कुणी बघितलंही नाही. म्हातारा खुर्ची नेतोय, संपलं.

मॅडमना म्हटलं, मी द्वारकाचा माणूस, तिची खुर्ची न्यायला आलोय. त्यांनी खुर्ची उलटी करून दाखवली. खाली पांढऱ्या रंगात कॉलेजचा नंबर होता. म्हणाल्या, "काका, ही खुर्ची मावशींची नाही. कॉलेजची आहे. पण मावशी ॲडमिट व्हायच्या आधी सांगून गेल्या होत्या, आमचे हे खुर्ची न्यायला येतील. आले की बसवून घ्या."

मी बसलो. काय बोललो ते इथं लिहिणार नाही. बोलायच्या आधी बराच वेळ नुसता बसलो होतो एवढं सांगतो, आणि त्या बाईंनी काही विचारलं नाही. निघताना म्हटलं, आज सोबत पिशवी नाही, दोरी नाही, खुर्ची पुढच्या मंगळवारी नेतो. त्या म्हणाल्या, चालेल.

तीन मंगळवार झाले. गल्लीतले विचारतात, "काका, कुठं निघालात आवरून?" मी सांगतो, बायकोची खुर्ची कॉलेजात राहिलीय, ती आणायला. आता हे छापून आल्यावर त्यांना खरं कळेल. कळू दे. पुढच्या मंगळवारी विचारलं, तरी मी तेच सांगणार आहे.