आत्याबाईंची मनी

धारला आमचं बिऱ्हाड तळ्याच्या अंगाला होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथल्या मराठी शाळेत शिकवत. घरात आई, मी आणि अण्णांची थोरली बहीण, आमच्या आत्याबाई. मांजर पाळायचं असं आमच्यात कुणी कधी ठरवलं नव्हतं. एका सकाळी ताकाच्या डेऱ्यामागे एक करडी, पाटेरी मांजरी बसलेली दिसली, आणि मग ती गेलीच नाही. तिला आम्ही मनी म्हणू लागलो. पुढे तिला पिल्लं झाली, त्यातला एकच बोका जगला. अंगानं पांढरा शुभ्र आणि शेपूट मात्र पिवळी, जशी दुसऱ्या कुणाची आणून चिकटवली असावी.

मायलेकरांचे स्वभाव अगदी निराळे. बोका निर्लज्ज आणि प्रेमळ. जो बसेल त्याच्या मांडीवर चढायचा. अण्णांची पगडी खुंटीवर नसली, कोनाड्यात ठेवलेली असली, की हा तिच्यात गोल होऊन झोपलेला. अण्णा तिच्यावरचे केस झटकत, पुटपुटत शाळेत जात. आईचा तो फार लाडका. सायीची वाटी तो चाटून पुसून ठेवायचा, आणि आई म्हणायची, "जाऊ दे, लेकरू आहे."

मनी मात्र कुणाच्या अंगाला अंग लावत नसे. हात पुढे केला की पाठ खाली दाबून सटकायची. तिचं चित्त एकाच माणसात होतं, आणि ते माणूस म्हणजे आत्याबाई.

आत्याबाई लहानपणीच विधवा झालेल्या. सासर कसं असतं ते त्यांना धड आठवतही नव्हतं. तांबडं आलवण नेसलेल्या, उंच, हाडकुळ्या, तोंडानं तिखट. स्वयंपाकघर आणि देवघर त्यांचं. त्या जपाला बसल्या की मनी हातभर अंतरावर येऊन बसे. डोळे मिटलेले, एक कान आत्याबाईंकडे वळवलेला. आत्याबाई विहिरीवर निघाल्या की ही पुढे. परत निघाल्या की ही मागे. "मेली माझ्याच वाट्याला आली आहे," असं त्या रोज म्हणत, आणि रोज पोळीचा शेवटचा तुकडा दुधात बुडवून कोपऱ्यात ठेवत. आईनं एकदा हसून विचारलं, "वन्सं, सोवळ्यात चालतं का हो मांजर?" तर त्या ताडकन म्हणाल्या, "मांजराला विटाळ नसतो. शास्त्र आहे तसं."

अण्णांना देवासला शाळेत बोलावणं आलं तेव्हा शेजारणी म्हणाल्या, मांजरं घराची असतात, माणसांची नव्हे, इथंच राहू द्या. मात्र निघायच्या दिवशी बैलगाडीत त्यांच्या पायाशी झाकणाची एक मोठी टोपली होती, आणि इंदूरपर्यंत त्या टोपलीतून बोका ओरडत होता. मनीचा आवाज नव्हता. आत्याबाईंनी झाकणाच्या फटीतून दोन बोटं आत घातली होती, ती त्यांनी वाटभर काढली नाहीत.

देवास तेव्हा दोन राज्यांचं गाव होतं, थोरली पाती आणि धाकटी पाती. राजे दोन, कचेऱ्या दोन, आणि मध्ये रस्ता. आमचं घर थोरल्या पातीत होतं आणि समोरचा हलवाई धाकट्या पातीत. बोक्यानं ही गोष्ट फार लवकर ओळखली. सकाळचं दूध आमच्याकडे, दुपारी रस्ता ओलांडून परराज्यात, तिथं कढईची खरवड, आणि संध्याकाळी परत. हलवाई त्याला "भिया", म्हणजे भाऊ, म्हणायचा. "आओ भिया, आज देर कर दी," असं त्याला म्हणताना मी कितीदा ऐकलं आहे. मनी मात्र रस्त्यापलीकडे कधी गेली नाही. आत्याबाई जिथं, तिथं ती.

असे काही हिवाळे गेले. मग एका हिवाळ्यात गावात प्लेग आला. आमच्या धान्याच्या खोलीत एक उंदीर पडलेला सापडला. तोपर्यंत उंदीर पडणं म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. त्याच दिवशी सामान बांधायला घेतलं. गावाबाहेर शेतांच्या कडेनं लोकांनी कडब्याच्या झोपड्या घातल्या होत्या. त्यांना तिकडे टापऱ्या म्हणत. आम्हीही तिकडे जायचं ठरलं.

"मांजरं इथंच राहतील," अण्णा म्हणाले. "उंदीर खातात ती. टापरीत आणली तर आपण बाहेर जाण्यात अर्थ काय?"

त्यांचं चुकीचं नव्हतं. गल्लीत दोन घरी माणसं दगावली होती. आत्याबाईंनी पडवीत दुधाचं मोठं पातेलं ठेवलं, शेजारी पोळ्यांचा चुरा ठेवला. पडवीच्या छपरावरून मांजरांना यायला जायला वाट होती. अण्णांनी दाराला कुलूप लावलं. आम्ही निघालो तेव्हा बोका समोर हलवायाच्या ओट्यावर अंग चाटत बसला होता. हलवाईही सामान बांधत होता. मनी आमच्या छपराच्या कडेला बसून आत्याबाईंकडे बघत होती. आत्याबाईंनी मागे वळून पाहिलं नाही.

टापऱ्यांमधले दिवस आम्हां मुलांना वाईट गेले नाहीत, हे खरं सांगायला हवं. समोर माताजीची टेकरी दिसायची, आजूबाजूला हरभरा, आणि पलीकडे अफूची शेतं पांढऱ्या फुलांनी भरलेली. आम्ही हिरवा हरभरा सोलून खायचो. आई आणि अण्णा रोज कोण कोण गेलं त्याच्या बातम्या ऐकायचे. आत्याबाई जेवायला बसत आणि अर्ध्यातून उठत. पोळीचा शेवटचा तुकडा ताटात तसाच राहायचा.

सकाळी त्या मला घेऊन गावाच्या नाक्यापर्यंत जात. तिथं बांबूचा अडसर घालून एक म्हातारा शिपाई बसायचा. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "माँसाब, भीतर जावा को हुकम नी हे."

"मला आत जायचं नाही," आत्याबाई म्हणाल्या. "इथं उभी राहिले तर चालेल ना?"

त्याला मराठी थोडं कळत असावं. तो बाजूला सरला. आत्याबाई अडसराला हात लावून रिकाम्या रस्त्याकडे बघत उभ्या राहात आणि मग म्हणत, "चल गं." रोज असंच. शिपायाला आमची सवय झाली. "कणी को रस्तो देखो हो, माँसाब?" त्यानं विचारलं. कुणाची वाट बघता म्हणून. आत्याबाईंना सांगायला लाज वाटली. मीच म्हणाले, "आमच्या मनीची. मांजर आहे."

तो हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. "मिनकी आवेगा," म्हणाला. "घर खाली वे तो मिनकी रे नी." रिकाम्या घरात मांजर राहत नाही म्हणून.

आणि खरंच एका सकाळी ती आली. रस्त्याच्या अगदी मधून चालत, पोट खपाटीला गेलेलं, एक कान फाटलेला. ओरडली नाही, धावली नाही. अडसराखालून आली आणि आत्याबाईंच्या पायांवर सबंध अंग टाकून आडवी झाली. जी मनी धारपासून कुणाला शिवली नव्हती, ती. आत्याबाई मटकन खाली बसल्या, मातीतच, आणि तिला आलवणाच्या पदरात गुंडाळून घेतलं. शिपायानं तोंड दुसरीकडे फिरवलं.

आम्ही टापरीशी पोचलो तर अण्णा पुढे आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"ताई, हिला आत आणू नकोस. मी हात जोडतो. पोर आहे घरात."

"कळतं मला," आत्याबाई म्हणाल्या. "नाही आणत."

"मग?"

"त्या बाभळीखाली मला वेगळी टापरी घालून दे. मी आणि ही तिथं राहतो. काही झालं तर आम्हां दोघींनाच होईल."

ज्या बाईनं भावाच्या घरी सारा जन्म काढून आजवर एक लुगडंसुद्धा तोंडानं मागितलं नव्हतं, ती आज झोपडी मागत होती. "मांजरासाठी, ताई?" अण्णा म्हणाले.

"हो. मांजरासाठी."

संध्याकाळच्या आत बाभळीखाली कडब्याची छोटी टापरी उभी राहिली. अण्णांनी स्वतः दोऱ्या आवळल्या. मधल्या वाटेवर एक मोठा दगड होता. त्यावर मी ताट ठेवून मागे व्हायचं, मग आत्याबाईंनी येऊन न्यायचं, असं ठरलं. त्या दिवसापासून ताटात काही उरलं नाही.

दगडावर बसून मी त्यांच्याकडे बघत राहायची. दुपारचं ऊन कोवळं असायचं. आत्याबाई टापरीच्या तोंडाशी वाती वळत बसत आणि मनी त्यांच्या मांडीला पाठ लावून पसरलेली. आता हातभर अंतर नव्हतं. आणि आत्याबाई तिच्याशी बोलत. कोकणातल्या आपल्या आजोळाबद्दल, एका आंब्याच्या झाडाबद्दल, लग्नात मिळालेल्या आणि नंतर काढून घेतलेल्या हिरव्या खणाबद्दल. "मला तो फार आवडला होता गं," असं त्या मांजराला सांगत होत्या. आम्हां कुणालाही यातलं काही माहीत नव्हतं. एकदा मनीनं वातीचा कापूस पळवला आणि आत्याबाई मोठ्यानं हसल्या. त्यांचं हसू असं असतं हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

माझ्या मागे अण्णा येऊन उभे होते हे मला कळलंच नाही. त्यांनीही ते ऐकलं होतं. मग दगड ओलांडून सरळ तिकडे चालत गेले. आई मागून हाक मारत होती, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

"ताई, चल," ते म्हणाले. "हिलाही घे."

"अजून थोडे दिवस जाऊ देत," आत्याबाई म्हणाल्या. "पोरीची काळजी मलाही आहे."

अण्णा परत आले नाहीत. तिथंच खाली बसले. मनीनं त्यांच्याकडे पाहिलं, उठली, त्यांच्या गुडघ्याचा वास घेतला आणि परत आत्याबाईंकडे गेली. त्यानंतर ते रोज दुपारी तिथं जाऊन बसायचे, मीही मागोमाग. भाऊबहीण लहानपणीचं काही काही बोलत. आजोळच्या त्या आंब्याची अण्णांना मुळीच आठवण नव्हती, तो आत्याबाईंनी त्यांना पुन्हा सगळा सांगितला.

मनीला काही झालं नाही. आम्हांलाही नाही. अफूची फुलं गळून बोंडं दिसायला लागली तेव्हा आत्याबाई आणि मनी मोठ्या टापरीत आल्या, आणि पुढे काही दिवसांनी गावात परतायचा हुकूम निघाला.

बोका मात्र मिळाला नाही. हलवाई आमच्याआधी परतला होता. आईनं रस्ता ओलांडून त्याला विचारलं. धाकट्या पातीत ती पहिल्यांदाच एकटी गेली. तो म्हणाला, मी टापरीत गेलो तेव्हा ओट्यावरच होता, नंतर कुणास ठाऊक. कुणी म्हणे उज्जैनच्या वाटेवर एका गाडीत पांढरं मांजर पाहिलं. आईनं ते खरं मानायचं ठरवलं. बरेच दिवस ती सायीची वाटी पडवीत ठेवत राहिली आणि सकाळी कावळे ती पालथी करत.

मनी त्यानंतर पुष्कळ जगली. माझं लग्न ठरलं तेव्हाही ती होती, दात पडलेली, डोळ्यांनी अधू. आत्याबाई तिला भात बोटांनी मऊ करून भरवत. माझ्या सासरी, सरदारपूरला, अण्णांकडे शिकायला राहिलेला माझा धाकटा चुलतभाऊ भेटायला आला तेव्हा त्याच्याकडून मला ती गेल्याचं कळलं. दुपारी उन्हात आत्याबाईंच्या घोंगडीवर झोपली ती उठली नाही. अण्णांनी परसात खड्डा खणला. आत्याबाई विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेऊन आल्या, आपलं माणूस गेल्यावर घेतात तसं. मग त्यांनी चूल पेटवली आणि सगळ्यांना वेळेवर वाढलं.