इन्साफच्या किल्ल्या

आमच्या चर्चची घंटा कुलता वाजवतो, पण कधी वाजवायची ते इन्साफ ठरवते, असं गावात सगळे म्हणायचे. इजिप्तमधल्या मिन्या शहराच्या खाली, नाईलच्या काठावर आमची वस्ती. इन्साफचं घर माझ्या घराला लागून. चर्चचे पडदे धुणं, सणाला सगळ्यांचा स्वयंपाक, आजाऱ्यांच्या घरी डबा, सगळं हिच्याकडे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. नवरा शफीक गेला, त्या दिवशी आलेल्या लोकांना कॉफीसुद्धा हिनंच दिली. तिला रडताना कुणी पाहिलं नाही.

गेल्या वर्षी तिच्या नातवाचा, अबानूबचा बाप्तिस्मा झाला. आमच्या पाद्रींनी, अबूना विस्सांनी, पोराला पाण्यात बुडवून वर काढलं, तेव्हा ते केवढ्यानं रडलं! सगळे हसले. सून मार्सेल मागं वळून सासूला शोधत होती. सासू मागच्या स्वयंपाकघरात भाताला झाकण घालत होती. ती हात पुसत आली तोवर पोराला कोरडे कपडे घालून झाले होते.

"आई, तुम्ही बघितलं नाही?" मार्सेल एवढंच म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

"अगं, एवढी माणसं जेवायची होती..." इन्साफ बोलायला लागली आणि मधेच थांबली.

दुसऱ्या दिवशी अबूना तिच्या दारात. मी अंगणातच होते. मुलाच्या नावावरून सगळे तिला 'उम्म नसीम', म्हणजे नसीमची आई, म्हणतात.

"उम्म नसीम, किल्ल्या द्या."

"कुणाला हव्यात?"

"मला. ईस्टर होईपर्यंत चर्चचं एकही काम करायचं नाही. रोज दुपारी येऊन बसायचं."

"बसून काय करू?"

"काही नाही."

"मी काय म्हातारी झाले, अबूना? का माझ्या हातचं गोड लागेना?"

अबूना हसले. "देवाचं घर इतकी वर्षं झाडताय. घरधन्याशी शेवटचं कधी बोललात?"

ती फार चिडली. पण किल्ल्या दिल्या.

सुरुवातीला रोज संध्याकाळी भिंतीवरून मला ऐकवायची, "तहानी, कोळ्यांनी छताला जाळी धरलीत तिथं! आणि मी खाली बसून बघायचं!" एकदा तर डोक्याचा रुमाल सोडून तिनं एक तसबीर पुसलीच. कुलतानं लगेच चुगली केली.

मग एका दुपारी मार्सेलनं मला तिला बोलवायला पाठवलं. चर्चच्या दाराशीच मला तिचा आवाज ऐकू आला. आत दुसरं कुणी नव्हतं. शेजारणीशी भांडावं तशी ती देवाशी भांडत होती.

"तुझ्या त्या अबूनानं माझ्या किल्ल्या घेतल्या, आणि तू गप्प! नातवाला पाण्यातून काढताना मी नव्हते. तेव्हा तरी हाक मारायचीस. का मारली होतीस, आणि मलाच ऐकू आली नाही?"

मी परत फिरणार, तेवढ्यात ती हळू आवाजात म्हणाली, "शफीकला नेलंस. मी कॉफी देत फिरले. बसले असते तर परत उठताच आलं नसतं मला." आणि ती रडली, मोठ्यानं, तोंडात रुमाल न कोंबता. मी दाराबाहेर उभी राहून डोळे पुसत होते.

आणि मग, काय सांगू, ती हसायला लागली!

"तिथंही बेसूर गातो का रे शफीक? आणि तुझे देवदूत ऐकून घेतात?"

तिचं हसणं ऐकून कुलता धावत आला. "उम्म नसीम! काय झालं?"

"काही नाही रे. आम्ही दोघं बोलतोय. तू जा."

घरी येताना तिनं माझा हात धरला होता. रस्त्यात तिनं ऊस घेतला आणि पोरीसारखा दातांनी सोलून खाल्ला.

ईस्टरचा स्वयंपाक त्या वर्षी आम्ही बायकांनी केला. भात खाली लागला, मटण चामड्यासारखं. इन्साफ मांडीवर अबानूबला घेऊन पाहुण्यासारखी बसली होती. दोनदा मागून जेवली.

अबूनांनी किल्ल्या परत दिल्या. तिनं अर्ध्या मार्सेलला दिल्या. कामं ती आजही करते, तिला कोण थांबवणार? पण गाणं सुरू झालं की हातातला पळी-झारा ठेवून आत येते. मागच्या शुक्रवारी कुलता दारातून ओरडला, "उम्म नसीम, घेवडा करपतोय!"

तिनं डोळेसुद्धा उघडले नाहीत. "करपू दे. माझं बोलणं चाललंय."

आम्ही सगळ्यांनी करपट घेवडा खाल्ला. कुलतानं जरा जास्तच खाल्ला.