संत्र्यावरची बोटं

अमेरिकेत भाच्याकडे गेलो होतो, तेव्हा त्याचे शेजारी अंगणात संत्रं घेऊन बसलेले दिसले. नव्वदी ओलांडलेले कृष्णवर्णीय गृहस्थ. संत्रं सोलायचं सोडून त्यांची दोन बोटं त्यावर पसरत, सरकत, पुन्हा नेमकी जागेवर बसत.

"मामा, हे बेसबॉलमध्ये पिचर होते, म्हणजे आपल्याकडचे बोलर," भाचा म्हणाला. "तेव्हा गोऱ्यांच्या संघांत काळ्यांना घेत नसत. घेतलं असतं तर कुठच्या कुठे गेले असते." मग हेच त्यांनाही इंग्रजीत ऐकवलं.

म्हातारबुवा वैतागले. "जो येतो तो हेच बोलतो. अरे, मी खेळलो ना, आमच्या काळ्यांच्या संघातून. दुपारी एका गावात, संध्याकाळी दुसऱ्या. हॉटेलवाले खोली देत नसत, म्हणून बसमध्येच झोपायचो आणि उठून पुन्हा चेंडू टाकायचो. त्याबद्दल कुणी विचारत नाही."

मलाही वैताग आला, भाच्याचा आणि आपल्या सगळ्यांचाच. एखाद्याला दार बंद होतं म्हणून आपण हळहळतो, तेही त्या दारापाशीच उभं राहून. तो माणूस दुसरीकडे आयुष्यभर काय करत होता, ते बघायला आपला पाय उचलत नाही.

मी विचारलं, "तुमचा सगळ्यात अवघड चेंडू कोणता?"

त्यांनी संत्रं माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी बोटं एकेक करून त्यावर लावायला सुरुवात केली.

"खरंच, काय नाव झालं असतं यांचं," भाचा म्हणाला.

"गप्प बस रे," मी म्हणालो. "अंगठा कुठे ठेवायचा ते राहिलंय."