धुळपाटीवरचे ठिपके

रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की मी बोरू हातात घेते. नातसून खांबाला टेकून विचारते, "आजी, रोज उठून एवढं लिहिता तरी काय?"

"कालची भाजी खारट झाली होती, ते."

"तेसुद्धा?"

"तेच आधी."

ती तोंडाला पदर लावून आत पळते. नातू दफ्तरात कारकून आहे, उरलासुरला कागद तोच आणून देतो. त्याला वाटतं, आजी मोठी विदुषी. विदुषी कसली! भीतीपायी लागलेली खोड आहे ही, आणि लागली ती कागदावर नव्हे, धुळीत.

ज्या मुलीला ती लागली ती मला अजून स्वच्छ दिसते. नाकात नथ, कडेवर पोर आणि डोक्यात वारा. वडील पुराणिक, त्यांच्या पोथीवर बोट फिरवत अक्षरओळख झालेली, म्हणून स्वतःला फार शहाणी समजायची. आज ती माझी सून म्हणून या घरात आली असती, तर आठवड्याच्या आत मीच तिला माहेरची वाट दाखवली असती.

तिचे यजमान फौजेबरोबर उत्तरेच्या मोहिमेवर गेले आणि फौज मोडली. पुण्यात तेव्हा घरोघरी एकच चाललेलं असे. दार वाजलं की सगळ्यांनी एकदम उठायचं, आणि दारात भलताच कोणी दिसला की सगळ्यांनी एकदम खाली बसायचं. आमच्याकडे माणूस आला नाही, आणि खबर आली ती धड नव्हे. एकजण सांगून गेला, तुमचा मुलगा यमुनेकाठी गोसाव्यांच्या मेळ्यात पाहिला. सासूबाईंनी त्याला श्रीखंड वाढलं. त्यानंतर वर्षं गेली, कडेवरचं पोर धुळाक्षरं गिरवायच्या वयाचं झालं, आणि मी मळवट भरून, हिरव्या बांगड्या घालून, कुणाची बायको आहे ते न कळता घरात वावरत राहिले.

मग ते मला दिसायला लागले.

रात्री नव्हे. टळटळीत दुपारी, जेवणं होऊन घर पेंगत असताना. परसात हौद होता. कात्रजच्या तळ्याचं पाणी जमिनीखालच्या नळानं त्यात येई, आणि येताना नळ असा वाजे, की कुणीतरी घशातल्या घशात बोलतंय. तो आवाज झाला की मी मागल्या दाराशी जायची. हौदाच्या कडेला ते बसलेले. पाठमोरे. खांद्यावर उपरणं, पायांत जाताना घेतलेला नवा जोडा. पाय धुवायला वाकावं तसे वाकलेले.

हाक तरी काय मारणार? नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. आणि अशा माणसाला 'अहो' म्हटलेलं चालतं का, हे वडिलांच्या एकाही पोथीत नव्हतं. मी आपली नुसत्या बांगड्या वाजवायची. ते वळायचे नाहीत. नळ थांबला की हौद रिकामा.

माझं जेवण सुटलं. पोराला भात भरवताना घास माझ्याच हातात वाळून जायचा. हे पहिल्यांदा कळलं ते आत्याबाईंना. आत्याबाई म्हणजे सासऱ्यांची बहीण. लहानपणीच कपाळ पांढरं होऊन भावाच्या घरी आलेल्या. घरात वाचणारी दुसरी बाई त्याच. त्यांनी मला कोठीघरात गाठलं आणि सगळं काढून घेतलं.

"रोज येतो?"

"हो."

"मग जेवून का जात नाही?"

मी हुंदका दिला. त्यांनी तो संपेपर्यंत तांदूळ निवडले. मग उठून माझ्या पोराची धुळपाटी घेऊन आल्या. लाकडी फळी, तिच्यावर बारीक धूळ पसरलेली. काडीनं लिहायचं, हातानं सारखं केलं की पुन्हा कोरी. म्हणाल्या, "रोज लिही. काय दिसलं, काय खाल्लंस, झोप लागली की नाही. खोटं लिहायचं नाही. लिहून झालं की एकदा वाच आणि पूस."

"त्यानं काय होईल?"

"काही नाही. पण डोक्यातलं बाहेर येईल, आणि बाहेरचं बघता येतं."

पहिल्या दिवशी त्या मुलीनं काय लिहावं? 'हा दैवा, या अभागिनीच्या हृदयरूपी कमलावर विरहाचा हिमवर्षाव...' पाटी तिथंच संपली. आत्याबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "आरती कुठं आहे? कीर्तन संपलं वाटतं. बाई गं, सकाळी काय खाल्लंस?"

"काही नाही."

"मग तेवढं लिही."

असं करत करत मी लिहायला शिकले. 'आज दोन घास भात. पोराला खोकला. नळ वाजला. पाहिलं. पाठ दिसली.' आणि खरंच, लिहायचं आहे म्हटल्यावर मी नीट पाहू लागले. उपरणं डाव्या खांद्यावर असे. बसलेल्या जागचा दगड कधी ओला नसे. भीती कमी झाली असं म्हणणार नाही, पण भीतीला जागा मिळाली. उरलेला दिवस माझा झाला, आणि मी जेवू लागले.

पण शहाणी मुलगी ती, सुखानं कशी राहील? एके दुपारी त्यांच्या खांद्यावर उपरणं दिसलं नाही. तिनं लगेच आदला दिवस आठवला. काल 'उपरणं डाव्या खांद्यावर' असं लिहून आपणच तळव्यानं पुसलं होतं. झालं! तिच्या डोक्यानं घेतलं, की आपण पुसतो तेवढे ते नाहीसे होतात. त्या दिवसापासून तिनं पुसणं बंद केलं. पाटी नेऊन कोठीघरात धान्याच्या कणगीमागं ठेवली, अक्षर बारीक केलं, आणि ओळीखाली ओळ घालत गेली. पोराला सांगितलं, पाटी उंदरांनी नेली. ते भाबडं बिचारं महिनाभर उंदरांना शोधत फिरलं.

आणि मग ठिपके उठू लागले.

पाटीच्या उजव्या कडेला, माझ्या ओळीच्या शेवटी, धुळीत बोट टेकवावं तसा एक ठिपका. दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली दुसरा. मी लिहून जायची, दुपार टळल्यावर येऊन पाहायची, तर ठिपका. कोठीघरात वाराही शिरत नसे. माझे हातपाय गार पडले, आणि खरं सांगायचं तर त्या गारठ्यातही मी लाजले.

"ते उत्तर देतात," मी आत्याबाईंना सांगितलं.

"काय उत्तर?"

"ठिपका."

"लग्नानंतर वर्षभर तो तुझ्याशी एवढंही बोलला नव्हता," आत्याबाई म्हणाल्या. पण हसल्या नाहीत. कणगीमागं जाऊन पाहून आल्या, आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसल्या.

त्याच सुमारास मोहिमेवरून उशिरा परतलेला एक शिलेदार घरी आला. त्यानं सासऱ्यांना ओसरीवर सांगितलं, की तुमचा मुलगा माझ्या शेजारी पडला, मी पाहिला. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची असते. पण पाहिलेला साक्षीदार मिळाला, आता वाट कसली पाहायची, असं भटजींचं मत पडलं. अशा माणसाचं शरीर नसतं, म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. पुतळा जळला की माणूस गेला. मग माझ्या बांगड्या फुटणार, केस जाणार, आणि माझ्या पोरानं इवल्या हातानं त्या पानांना अग्नी द्यायचा.

अमावास्या ठरली. पळसाची पानं आली आणि पडवीत पाणी शिंपडून ठेवली. हिरवी, रुंद, माणसाच्या तळव्याएवढी. येता-जाता मी त्यांच्याकडे बघत नसे.

आदल्या दुपारी मी ती धुळपाटी दोन्ही हातांवर तोलत, श्वाससुद्धा न सोडता, माजघरातून ओसरीच्या दाराशी आणली. बाहेर मामंजी आणि भटजी बसलेले. सासऱ्यांसमोर कधी तोंड न उघडलेली मी. डोक्यावरचा पदर घसरलेला, तो सावरायला हात मोकळा नाही.

"मामंजी, पानं परत पाठवा. ते आहेत. रोज खूण करतात."

भटजींनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग हळूच जरा सरकून बसले. मामंजींचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांना राग आला नव्हता. सुनेच्या डोक्यावर परिणाम झाला, हे त्यांना तेव्हाच कळल्यासारखं वाटत होतं.

मागून सासूबाई आल्या. त्या फार बोलत नसत; खबर बंद झाल्यापासून तर मुळीच नाही. त्यांनी पाटी पाहिली.

"ते ठिपके माझे आहेत," त्या म्हणाल्या.

भटजींनी पुढं वाकून पाटी पुन्हा पाहिली.

"मला लिहिता येत नाही. ही रोज काहीतरी मांडते ते दिसलं. म्हटलं, आपलंही असावं." मग माझ्याकडे वळून, मीठ मागावं तसं सहज म्हणाल्या, "मला पण दिसतो गं. हौदावर."

मी पाटी उंबऱ्यावर टेकवली. "पाठमोरे?"

"पाठमोरा कशाला? तोंड दिसतं की."

बाहेर मामंजी उभे राहिले होते. मग त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "कसा दिसतो?"

"दमलेला," सासूबाई म्हणाल्या.

मामंजी भटजींना म्हणाले, "पानं न्या. बारा वर्षं होऊ देत. मग बघू." ती बारा वर्षं व्हायच्या आत मामंजी गेले, आणि त्यानंतर घरात तो विषय काढायची कुणाची छाती झाली नाही. माझ्या बांगड्या राहिल्या. अजून आहेत.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी पाटीशी बसू लागलो. सासूबाई सांगायच्या, मी लिहायची. 'आज गाल बसलेले. काही बोलला नाही.' खाली माझं: 'पाठ दिसली. उपरणं आहे.' लिहून झाल्यावर त्या आपल्या तळव्यानं पाटी सारखी करायच्या. पहिल्यांदा मी त्यांचा हात धरला होता.

"सोड," त्या म्हणाल्या. "पुसल्यानं जात नाही. उद्या येतो परत." आणि खरंच आले.

त्या असेपर्यंत आमचा नेम मोडला नाही. नंतर मी एकटीच लिहीत आले, पुढं नातू कागद आणू लागल्यावर कागदावर. पोर मोठं झालं, त्याला पोरं झाली. यजमानांचं वय मात्र तेच. हौदावर बसतात तेव्हा आता ते माझ्या नातवापेक्षा लहान दिसतात. परक्या माणसानं पाहिलं तर त्यांना माझा नातूच म्हणेल. मी बांगड्या वाजवायचं केव्हाच सोडलं. म्हातारपणी शोभत नाही.

परवा नातवाला सांगितलं, कागद पुरे, मला एक धुळपाटी आणून दे. तो म्हणाला, "आजी, आता या वयात धुळाक्षरं?" म्हटलं, कागदावरचं पुसता येत नाही, आणि हल्ली मला रोज पुसावंसं वाटतं. उद्या परत यावं म्हणून.

काल पाटी आली. तिच्यावरची पहिली नोंद ही: भाजी आज बरी होती. झोप बेताची. नळ वाजला. पाहिलं. उपरणं आहे, जोडा आहे. मान थोडी इकडे वळलेली. कान दिसला, आणि गालाची कड.