आमच्या मेसमध्ये चमचा नव्हता

१९५४ साल. मी तेव्हा तीस वर्षांचा होतो आणि मुलुंडला, मुलींच्या डॉक्टरी कॉलेजच्या होस्टेलात मेसचा आचारी होतो. हाताखाली दोन बायका, एक चपात्यांना, एक भांड्यांना. बाकी स्वयंपाकघरात शब्द माझा. शाळा मी दुसरीतच सोडली. मास्तरांनी मारलं म्हणून नाही, मला तिथं करमेना म्हणून. आजवर त्यावाचून काही अडलं नाही.

कॉलेज मात्र झकास. मागं टेकडी, पुढं बॅडमिंटनचं मैदान. एकेका खोलीत तीन खाटा, खाटेखाली ट्रंका, आणि ट्रंकेत पातळांच्या घड्यांशेजारी माणसाची हाडं. खरीखुरी! अभ्यासाला लागायची ती. मोठ्या मुली पास झाल्या की धाकट्यांना देऊन जायच्या, जशी घरात थोरलीची परकरपोलकी धाकटीकडे येतात तशी. अंघोळीला तांब्याचा बंब होता. सकाळी त्याच्यापुढं रांग, आणि रांगेतल्या मुलीच्या एका हातात बादली तर दुसऱ्या हातात मांडीचं हाड, तोंडानं पाठांतर चालू. कॉमन रूममध्ये एकच रेडिओ. त्याच्यावरून जेवढी भांडणं व्हायची तेवढी आमच्या चाळीत नळावर होत नसत. उद्याच्या डॉक्टरणी ह्या, पण बटण पिळायला धावायच्या अशा की बघत राहावं.

माझा मेसमध्ये एक कायदा होता. चमचा नाही. अन्न हातानं कालवायचं, हातानं खायचं. भाताला बोटं लागल्याशिवाय त्याची चव कळत नाही, हे माझं मत, आणि ते आजही तेच आहे.

त्या वर्षी पहिल्या वर्षाला आमच्या मालवणाकडची एक मुलगी आली. बारीक चणीची, दोन वेण्या. पहिल्याच आठवड्यात तिचं ताट भरलेलं परत यायला लागलं. माझ्या हातचं ताट! मी तिला गाठलं.

"काय गो चेडवा, माझ्या आमटीत काय कमी आसा?"

"आमटीत नाही मामा, हातात आहे," ती म्हणाली आणि हात पुढं केला.

मी वास घेतला आणि मागं सरलो. सकाळभर पहिल्या वर्षाच्या मुली डिसेक्शनला, म्हणजे मढी चिरून शिकायला जायच्या. मढी ज्या औषधात ठेवतात त्याचा वास साबणानं जात नाही, लिंबानं जात नाही. बाकीच्या नाक मुरडून जेवायच्या. हिला घास तोंडाशी आला की उमळून यायचं. तिनं घरी पत्र टाकलं होतं, मला न्यायला या.

झालं, पोरी माझ्यावर चालून आल्या. "मामा, चमचे आणा ना!"

"हॉटेलात जा. तिथं काटेसुद्धा देतात."

"तिची वाट लागेल हो. उपाशी मरेल ती."

"माझ्या मेसमध्ये कोण उपाशी मरत नाही."

वॉर्डनबाईंनी बोलावलं. मी म्हटलं, चमचे आणा, आणि चमच्यांबरोबर दुसरा आचारीही आणा. त्यांनी मला परत स्वयंपाकघरात पाठवलं. माझी आमटी त्यांनाही आवडायची.

मग पोरींनीच तोड काढली. तिसऱ्या वर्षाची एक दांडगी मुलगी होती, बेळगावची. तिचं डिसेक्शन संपलेलं, हाताला वास नाही. ती रोज दुपारी या पोरीच्या शेजारी बसायची आणि तिला भरवायची. "आ कर. आणखी मोठा. तोंड आहे का सुईचं भोक?" अख्खं टेबल हसायचं, पण पोरगी जेवायला लागली. अंगावर थोडं तेज आलं. रेडिओच्या भांडणात तिचाही आवाज ऐकू यायला लागला. आता तिला घरी जायचं नव्हतं. पण पत्र गेलं होतं.

शनिवारी दुपारी वडील हजर. कोकणातले शाळामास्तर, काळी टोपी, हातात छत्री. वडीलमाणसाला मेसमध्ये जेवायला परवानगी होती. ते लेकीसमोर बसले. बेळगावची सवयीनं घास घेऊन आली, आणि मास्तरांचा हात ताटातच थांबला.

"हे काय? तुला भरवतात?"

पोरगी खाली बघत म्हणाली, "बाबा, थोडेच दिवस. मग सवय होईल."

"अठरा वर्षांची घोडी झालीस. तुला भरवायला माणूस लागतं, तू दुसऱ्याला काय बरं करणार? ट्रंक भर. संध्याकाळी निघू."

"मला नाही यायचं बाबा."

"मग जेव. माझ्यासमोर, आपलं आपण. जेवलीस तर मी एकटा जातो."

पोरीनं भात कालवला, घास उचलला, ओठांपर्यंत नेला. डोळ्यांत पाणी आलं आणि हात खाली गेला. पुन्हा उचलला, पुन्हा तेच. सगळ्या पोरी माझ्याकडे बघत होत्या. बघू देत. माझ्याकडे चमचा नव्हताच, तर देणार कुठून?

मी आत गेलो. शेगडीजवळ माझी तुपाची पळी होती. छोट्या तोंडाची, लांब दांड्याची, कोणाला हात लावू देत नसे मी. ती धुतली, पुसली, आणून तिच्या ताटात ठेवली.

"मामा, ही उष्टी होईल," ती म्हणाली.

"होऊ दे. जेव."

लांब दांडा तिला आवरेना. तो शेजारणीच्या कानाला लागला, आमटी कोपरावर ओघळली. पण घास आत गेला. मग दुसरा. बेळगावची ओरडली, "अगं, जेवतेस की आमटी ढवळतेस?" पोरी हसत सुटल्या. मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तेही हसायला लागले. ताट लख्ख झालं तेव्हा त्यांनी मला हाक मारली.

"आचारी, भात वाढा थोडा."

"हिला?"

"मला. मी अजून जेवलोच नाही."

संध्याकाळी ते एकटेच गेले. फाटकापर्यंत लेक छत्री धरून त्यांच्याबरोबर गेली आणि परत आली.

बेळगावची स्वयंपाकघरात डोकावली. "हरलात ना मामा?"

"कसला हरतो? चमचा दिला का मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा-नाश्ता उरकून मी बाजारात कासाराच्या भांड्यांच्या दुकानात गेलो. म्हटलं, तुपाच्या पळ्या दे, पहिल्या वर्षाच्या सगळ्या पोरींना पुरतील एवढ्या, आणि दांडे आखूड कापून दे.

"अहो, मग चमचेच न्या की. तयार आहेत."

"पळ्या म्हणतोय ना मी?"

तो कापायला बसला. मी दुकानाच्या पायरीवर बसून एकेक पळी तोंडात धरून बघितली, आणि ज्यांची कड ओठाला लागत होती त्या परत घासायला दिल्या.